घर ठेवा, माणसंही ठेवा : हाँगकाँगच्या निळ्या घराचं प्रकरण

हाँगकाँगच्या वान चाय भागात गेले तेव्हा आधी गल्लीच्या पाटीनेच थांबवलं मला. स्टोन नाला लेन. नाला म्हणजे आपलाच नाला, दुसरं काही नाही. इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानातून उचलला आणि हाँगकाँगला नेला, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी समुद्राकडे नेणाऱ्या मोठ्या बांधीव गटारांना तिथे आजही सरकारी कागदावर नालाच म्हणतात. या गल्लीतला नाला कधीच झाकला गेला, वर रस्ता झाला, नाव तेवढं राहिलं. आणि त्या रस्त्यावर, चहूबाजूंच्या काचेच्या टॉवरांमध्ये, एक चार मजली इमारत उभी आहे जिचा रंग लांबूनच डोळ्यात भरतो, एकदम भडक निळा. तिला सगळे निळं घरच म्हणतात, कँटोनीज भाषेत लाम-उक.

मी हे प्रकरण इतकं सविस्तर लिहितेय कारण जुन्या वस्तीतल्या इमारतीचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे रोजचा झालाय आणि बहुतेक वेळा उत्तरं दोनच समोर येतात, एक तर पाडा आणि टॉवर बांधा, नाहीतर माणसं बाहेर काढा, रंगरंगोटी करा आणि म्युझियम नाहीतर कॅफे टाका. निळ्या घरात या दोन्हीपेक्षा वेगळं घडलं आणि ते कसं घडलं हे नीट बघण्यासारखं आहे. मी स्वतः नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेय, त्यामुळे ती इमारत बघताना मी टुरिस्ट म्हणून बघूच शकले नाही.

आधी जागेचं बघू. आज जिथे निळं घर आहे तिथे १८६७ साली एक हॉस्पिटल सुरू झालं होतं, आणि ते सरकारचं नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी पैसे काढून उभं केलेलं. कँटोनीजमध्ये काय-फोंग असा एक शब्द आहे, त्याचा अर्थ शेजारीपाजारी, आपल्या गल्लीतली माणसं, पण नुसते शेजारी नव्हे, गल्लीची कामं अंगावर घेणारे शेजारी. आपल्याकडे ‘मंडळ’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं त्याच्या जवळचं काहीतरी. त्या काळात चिनी माणसाला पाश्चात्य डॉक्टरांची भीती वाटायची, गरिबाला परवडायचंही नाही, म्हणून चिनी औषधोपचार देणारं हे हॉस्पिटल. नाव होतं वा-तोच्या नावावर, वा-तो म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वी होऊन गेलेला वैद्य, भुलीचं औषध देऊन शस्त्रक्रिया करायचा असं त्याच्याबद्दल सांगतात आणि लोकांनी पुढे त्याला देवच करून टाकला. हॉस्पिटल १८८६ मध्ये बंद पडलं, पण त्या वास्तूत वा-तोचं देऊळ चालू राहिलं. १९२० च्या दशकात जुनी वास्तू पाडून आत्ताची इमारत बांधली (१९२२ च्या सुमारास सुरुवात झाली), तेव्हाही लोकांनी देव हलू दिला नाही, तळमजल्यावरच्या एका गाळ्यात देऊळ परत बसवलं. आपल्याकडे चाळ पाडून बिल्डिंग होते पण पारावरचा मारुती बरोब्बर पार्किंगच्या कोपऱ्यात परत येतो ना, तसं.

या प्रकारच्या इमारतीला तिथे थोंग-लाउ म्हणतात, चिनी इमारत असा सरळ अर्थ. खाली दुकान, वर बिऱ्हाडं. प्रत्येक गाळा अरुंद, चार-साडेचार मीटर रुंद आणि आत लांबच लांब, कारण तुळया चिनी फर या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या असायच्या आणि ते लाकूड जेवढं लांब मिळायचं तेवढीच गाळ्याची रुंदी. विटांच्या भिंती, लाकडी जमीन, लाकडी जिना, आणि रस्त्याच्या बाजूला काँक्रीटच्या गॅलऱ्या, खाली एकही खांब न देता भिंतीतून बाहेर काढलेल्या. १९२० च्या दशकात काँक्रीट अजून नवं होतं, आणि घर लाकडाचं पण गॅलरी काँक्रीटची असा हा संकर तेव्हा आधुनिक समजला जायचा. अशी गॅलरीवाली थोंग-लाउ हाँगकाँगमध्ये आता अगदी थोडी उरलीत.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग आला, ताय पिंग शान नावाच्या दाटीवाटीच्या चिनी वस्तीत माणसं पटापट मेली, वस्तीचा मोठा भाग सरकारने पाडूनच टाकला. त्यानंतर १९०३ मध्ये कायदा झाला की घराच्या मागे मोकळी जागा हवी, उजेड हवा, हवा हवी. निळं घर या कायद्यानंतरचं आहे. आणि तोच प्लेग दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईला मांडवीत उतरला, बहुधा हाँगकाँगकडून आलेल्या जहाजांतूनच. मग पुण्यातला प्लेग, रँड, चाफेकर, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये गेलेल्या सावित्रीबाई हे सगळं आपल्याला पाठ आहे, आणि मुंबईत १८९८ चा सिटी इम्प्रुव्हमेंट ट्रस्टही त्यातूनच आला, ज्याने रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या, चाळी बांधल्या. म्हणजे वान चायचं घर आणि मुंबईच्या चाळी एकाच साथीच्या धक्क्यातून घडलेल्या शहरांमधल्या आहेत. माझी चाळसुद्धा १९२० च्या दशकातलीच. तिथल्या जिन्यात उभी असताना हे डोक्यातून जात नव्हतं.

बरं, घरात काय काय होऊन गेलं ते बघा. गरीब मुलांसाठी फुकट शाळा चालायची. मच्छी व्यापाऱ्यांच्या संघटनेचं ऑफिस होतं. किराणा आणि दारूचं दुकान होतं. आणि देवळाच्या जागी १९५० च्या दशकात लाम चो यांनी कुस्तीच्या आखाड्यासारखी मार्शल आर्टची शाळा काढली. हे लाम चो म्हणजे लाम साय-विंग यांचे पुतणे, आणि लाम साय-विंग हे वोंग फेय-हुंग यांचे शिष्य, ज्यांच्यावर ढिगाने कुंग-फू सिनेमे निघालेत ते. पुढे १९६० च्या दशकात त्याच जागी लाम चो यांच्या मुलाने हाडवैद्याचा दवाखाना सुरू केला, आणि ते अगदी साहजिक होतं कारण चिनी आखाड्याचा उस्तादच हाड बसवायचा, मुरगळलेलं चोळून द्यायचा, आपल्याकडे तालमीतले वस्ताद करायचे तसंच. वैद्यदेवाच्या नावाचं हॉस्पिटल, मग त्याचं देऊळ, मग आखाडा आणि मग हाडवैद्य, एवढं सगळं एकाच जागेवर.

निळा रंग मात्र पुरातन वगैरे अजिबात नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इमारतीचा बराचसा भाग सरकारच्या मालकीचा झाला, आणि १९९० च्या दशकात सरकारने बाहेरून रंग काढायचं ठरवलं तेव्हा गोदामात निळाच रंग शिल्लक होता, पाणीपुरवठा खात्याचा, म्हणून निळा. एक गाळा तेव्हा खाजगी मालकाचा होता, तो रंगवला नाही, त्यामुळे इमारतीचं एक टोक कितीतरी वर्षं बिनरंगाचं राहिलं. आज लोक ज्या रंगाचे फोटो काढायला येतात तो रंग स्टोअरमधल्या उरलेल्या डब्यांमधून आला. पण लोकांनी तो आपला म्हटला, घराला नाव त्यावरून पडलं, आणि पुढे दुरुस्ती झाली तेव्हाही तो ठेवला. मला हे फार बरोबर वाटतं. मूळ रंग शोधून परत लावला असता तर घर कदाचित १९२२ सारखं दिसलं असतं, पण गल्लीच्या ओळखीचं राहिलं नसतं.

आता प्रकरणाचा गाभा. २००६ च्या मार्चमध्ये शहराच्या पुनर्विकासाचं काम बघणारं प्राधिकरण आणि हाउसिंग सोसायटी नावाची घरबांधणी संस्था (आपल्याकडची सोसायटी नव्हे) यांनी मिळून जाहीर केलं की निळं घर, त्याच्या मागचं पिवळं घर आणि शेजारचं केशरी घर हा सगळा समूह जतन करायचा, आणि तिथे चहा आणि चिनी वैद्यक या विषयावर टुरिस्टांसाठी काहीतरी करायचं. ऐकायला छान. पण रहिवाशांनी जायचं होतं. नुकसानभरपाई घ्या, दुसरीकडे घर घ्या, आणि निघा. म्हणजे वैद्यकाचा इतिहास दाखवायचा आणि त्या इतिहासाच्या अंगणात पन्नास-पन्नास वर्षं राहिलेल्या माणसांना बाहेर ठेवायचं.

वान चायमध्ये ही धास्ती काही हवेतली नव्हती. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ली तुंग स्ट्रीट, लग्नपत्रिकांची गल्ली, आख्खी छापखान्यांची, तिथल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी स्वतः पर्यायी आराखडा तयार केला होता, उंच इमारती गल्लीच्या दोन टोकांना आणि मधली जुनी घरं तशीच ठेवायची असा, डंबेलसारखा दिसतो म्हणून डंबेल प्लॅन म्हणायचे त्याला, नियोजनकारांच्या संस्थेकडून त्याला बक्षीससुद्धा मिळालं, आणि तरी तो नामंजूर झाला आणि गल्ली पाडली गेली. जॉन्स्टन रोडवरची जुनी सावकारी पेढी वाचली, इमारत म्हणून, पण आत महागडं रेस्टॉरंट आलं. २००६ च्या डिसेंबरमध्ये स्टार फेरीचा जुना धक्का पाडला तेव्हा तरुण मुलं आत जाऊन बसली होती. त्या वर्षांत हाँगकाँगमध्ये जुन्या वास्तूंवरून लोक पहिल्यांदाच इतके पेटले होते, आणि निळ्या घराचा निर्णय त्याच हवेत झाला हे लक्षात ठेवायला हवं, नाहीतर सगळं श्रेय कुणाच्या तरी चांगुलपणाला जातं.

रहिवाशांना साथ मिळाली ती सेंट जेम्स सेटलमेंट या संस्थेची, १९४९ पासून वान चायमध्ये काम करणारी, आणि तिचं ऑफिसही त्याच गल्लीत. तिथले समाजसेवक, काही आर्किटेक्ट, प्राध्यापक, कॉलेजची पोरं आणि रहिवासी मिळून हक्कगट बनला. त्यांची मागणी चार शब्दांची, लाउ-उक लाउ-यान, घर ठेवा माणसं ठेवा. २००७ मध्ये तळमजल्यावर छोटंसं लोकजीवन संग्रहालय उघडलं, शेजाऱ्यांनी घरातल्या जुन्या वस्तू आणून दिलेल्या, ते पुढे २०१२ मध्ये हाँगकाँग हाउस ऑफ स्टोरीज झालं. हे काम मला आंदोलनाइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण ‘हे घर जिवंत आहे’ असं निवेदनात लिहून कुणाला पटत नाही, आत येऊन शेजारणीशी बोललं की पटतं.

पण एक गोष्ट मी सगळ्यात जवळून सांगणार आहे, कारण या घराबद्दल लिहिताना लोक ती भरकन ओलांडतात. संडास. निळ्या घरात फ्लशचा संडास नव्हता. एकविसावं शतक उजाडलं, खाली मेट्रो धावायला लागून वीस-बावीस वर्षं झाली, आणि वर म्हातारी माणसं बादली वापरत होती, रात्री मैला उचलणारे यायचे आणि घेऊन जायचे. लाकडी जिना म्हणजे अरुंद, उभा, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, आणि त्यावरून भरलेली बादली खाली आणायची. मी चाळीत संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभी राहिलेय, पावसाळ्यात, परीक्षेच्या सकाळी, त्यामुळे ‘जुन्या जगण्याचं सौंदर्य’ असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी ती रांग येते. निळ्या घरातली माणसं बादलीला चिकटून बसलेली नव्हती. त्यांना बादली नको होती. शेजार हवा होता, गल्ली हवी होती, परवडणारं भाडं हवं होतं, खालच्या दुकानदाराचं उधारीचं खातं हवं होतं. आणि नुकसानभरपाईच्या योजनेत यांपैकी बादलीच तेवढी सुटत होती, बाकीचं सगळंही तिच्याबरोबर जात होतं.

शेवटी सरकार वाकलं. २००७ मध्ये डेव्हलपमेंट ब्युरो नावाचं नवं खातं निघालं, वारसा त्याच्याकडे आला, आणि निळ्या घराच्या बाबतीत धोरण बदललं, ज्याला जायचंय त्याने भरपाई घेऊन जावं आणि ज्याला राहायचंय त्याने राहावं. मला या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच वाटतो. बहुतेक कुटुंबं गेलीसुद्धा, मूठभर राहिली. गेले त्यांना कुणी नावं ठेवू नयेत, बादलीचा कंटाळा येणं काही गुन्हा नाही, आणि लिफ्टवालं घर मिळत असेल तर माझी आजीसुद्धा गेली असती. पण राहायचं की जायचं हे राहणाऱ्याने ठरवलं.

२००८ मध्ये सरकारने जुन्या सरकारी इमारती बिगरनफा संस्थांना चालवायला देण्याची योजना आणली. डागडुजीचा खर्च सरकारचा, भाडं नावापुरतं, पहिल्या दोन वर्षांत तोटा आला तर ५० लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत मदत, त्यानंतर मात्र आपलं आपण चालवायचं. निळं घर दुसऱ्या फेरीत गेलं आणि २०१० मध्ये सेंट जेम्सला मिळालं, रहिवाशांच्या गटाला बरोबर घेऊन. (वारसा वास्तूंच्या यादीत इमारत ग्रेड १ होती हे खरं, पण हाँगकाँगमध्ये ग्रेड म्हणजे फक्त शेरा असतो, पाडायला कायद्याने बंदी नसते, ती संरक्षित स्मारक जाहीर झालं तरच. म्हणजे ग्रेडच्या भरवशावर कुणीच झोपू शकत नव्हतं.)

मग खरं अवघड काम. आगीचे नियम, अपंगांसाठीचे नियम, सांडपाण्याचे नियम, हे सगळे आजचे, आणि इमारत लाकडी जिन्याची. नियमाप्रमाणे लाकडी जिना चालत नाही, काढला तर घराचा कणाच गेला. तोडगा काढला तो असा की मागच्या बाजूला नवीन रचना उभी करायची, तिथे लिफ्ट द्यायची, वेगवेगळ्या इमारतींना पुलांनी जोडायचं, म्हणजे बाहेर पडायचा पक्का रस्ता तिथून मिळतो आणि जुना जिना जागच्या जागी राहतो. घराघरात संडास आले. १९०३ च्या कायद्याने मागे जागा मोकळी सोडायला लावली होती, आणि शंभर वर्षांनी मागची मोकळी जागाच कामाला आली. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला, उगाच नाही म्हणत. कामं तुकड्यातुकड्याने केली, जुने रहिवासी तिन्ही घरांच्या समूहातच राहतील अशा बेताने, आणि ज्यांनी कधी दुरुस्ती चालू असलेल्या चाळीत दिवस काढलेत त्यांना माहितीय की हे लिहायला सोपं आहे, धूळ आणि ठोकाठोकी रोज सकाळी उशापाशी असते.

२०१७ पर्यंत सगळं उभं राहिलं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये सगळ्यात वरचा पुरस्कार या समूहाला मिळाला, हाँगकाँगला तो पहिल्यांदाच. त्या पुरस्कारांत राजवाडे असतात, मठ असतात, किल्ले असतात. इथे भाडेकरूंची, साध्या माणसांची चाळ जिंकली, आणि निवड समितीने कौतुक केलं ते रहिवासी, समाजसेवक, जाणकार सगळे एका टेबलावर बसून काम झालं याचं.

रिकाम्या झालेल्या खोल्यांचं काय केलं तेही सांगते. त्या बाजारभावाने लावल्या असत्या तर पुढची पन्नास वर्षं निधीची चिंता नव्हती, वान चायमध्ये जागेचे भाव काय आहेत ते वेगळं सांगायला नको. त्याऐवजी सेंट जेम्स आणि रहिवाशांनी ‘चांगला शेजारी’ अशी योजना काढली. अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, आणि या शेजाराला तुम्ही काय देणार ते सांगायचं, कुणी शिवणकाम, कुणी सुतारकाम, कुणी मुलांना शिकवणं. जुने भाडेकरू आणि नवे भाडेकरू मिळून सभा घेतात. तळमजल्यावर शाकाहारी जेवणाचं एक हॉटेल आणि एक गोड पदार्थांचं दुकान सुरू झालं, दोन्ही नफ्यासाठी नव्हेत, गल्लीतल्या लोकांना काम मिळावं म्हणून. मागच्या अंगणात सिनेमे, गाणी, जेवणावळी.

मला यात खटकणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. मुलाखत घेऊन शेजारी निवडायचा हे मला पूर्ण पचलेलं नाही. माझ्या चाळीत कुणी मुलाखत देऊन आलं नव्हतं, भांडकुदळ होते, दारुडे होते, कधीच कुणाशी न बोलणारे एक काका होते आणि ज्या रात्री माझ्या भावाला ताप चढला त्या रात्री टॅक्सी त्यांनीच आणली होती. अर्ज भरून घेतला असता तर काका नापास झाले असते. दुसरं, फोटोवाले. निळ्या भिंतीसमोर दिवसभर लोक पोज देत असतात आणि वरच्या गॅलरीत कुणाची तरी चादर वाळत असते, मीही मोबाईल काढला होता, मग वर बघितलं आणि खिशात ठेवला. तिसरं म्हणजे पैसा, कारण एका इमारतीवर एवढं लक्ष, एवढी माणसं, एवढी वर्षं खर्च झाली, शेजारच्या गल्लीतल्या थोंग-लाउला हे मिळणार नाही.

मी मार्गदर्शकाबरोबर फिरले, वरच्या खाजगी खोल्यांकडे अर्थातच नेत नाहीत, जिन्यापर्यंत नेतात. त्या झिजलेल्या पायरीवर मी पाय ठेवून बघितला, डाव्या बाजूला जास्त खोल होती, बहुधा कठड्याला धरून उतरणाऱ्यांमुळे. तेवढ्यात मागच्या बाजूने एक आजी आल्या, भाजीची चाकाची पिशवी ओढत, आमच्याकडे एकदा बघितलं, पुलावरून जाऊन लिफ्टचं बटण दाबलं आणि वर निघून गेल्या.